फीच्या पावतीतले उपक्रम: छोट्या गावच्या विद्यापीठात काय घ्यावं, काय सोडावं

प्रवेशाच्या दिवशी हातात पडणाऱ्या पावतीवर शिकवणी शुल्काच्या खाली बारीक अक्षरांत एक यादी असते. जिमखाना, सांस्कृतिक उपक्रम, वार्षिक अंक, विद्यार्थी विकास, युवक महोत्सव, साहाय्य निधी. पैसे सगळे भरतात, वापर मूठभर करतात. बाकीच्यांना हे 'हौशी पोरांचं काम' वाटतं. म्हणजे हॉटेलात थाळीचे पैसे देऊन फक्त पाणी पिऊन उठण्यातला प्रकार. या यादीतलं काय खरंच मिळतं, कुठे फसगत होते आणि कशासाठी वेळ काढावा, याचं हे परीक्षण.

डोळ्यांसमोर महाराष्ट्रातली छोट्या गावांतली राज्य विद्यापीठं आणि तिथली महाविद्यालयं आहेत. यात दोन जाती आहेत आणि त्या एकत्र मोजू नयेत. राहुरी किंवा दापोलीची कृषी विद्यापीठं, माणगाव तालुक्यातलं लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ ही बरीचशी निवासी. मुलं कॅम्पसवरच राहतात, त्यामुळे संध्याकाळ नावाची गोष्ट अस्तित्वात असते. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठासारख्या ठिकाणी मात्र बहुतेक विद्यार्थी दूरदूरच्या संलग्न महाविद्यालयांत विखुरलेले, आणि त्यातले बरेच अप-डाऊन करणारे. अशा ठिकाणी उपक्रमाचं वेळापत्रक प्राचार्य ठरवत नाहीत, परतीची एसटी ठरवते.

हे गमतीने म्हटलेलं नाही. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एसटीत ६६.६७ टक्के सवलत आहे, पण पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा. तालीम दुसऱ्या गावी असेल तर तिकीट काढावं लागतं. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झाल्याने मुलींचा हा खर्च कमी झाला, पण शेवटच्या गाडीची वेळ काही बदलली नाही. म्हणून कोणत्याही उपक्रमाची पहिली परीक्षा अशी घ्यावी: तो सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात होतो का? होत नसेल तर तो वसतिगृहातल्या मुलांचा उपक्रम आहे, कॉलेजचा नव्हे.

राष्ट्रीय सेवा योजनेपासून (एनएसएस) सुरुवात करू, कारण छोट्या गावात सर्वांत जास्त काही देणारा उपक्रम हाच आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातल्या ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. हिशेब सोपा: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि त्या काळात एक सात दिवसांचं विशेष शिबिर. एका एककात (युनिटमध्ये) साधारण १०० स्वयंसेवक, शिबिराला त्यांतले निम्मे. म्हणजे नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला शिबिर मिळेलच असं नाही. हे जुलैतच विचारून ठेवावं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी 'तुझं शिबिरच झालं नाही' असं कळून प्रमाणपत्र अडकलेली मुलं दरवर्षी भेटतात.

एनएसएसचा दर्जा जवळजवळ पूर्णपणे एका माणसावर अवलंबून असतो: कार्यक्रम अधिकारी. नेमणूक तीन वर्षांची, फार तर आणखी एक वर्ष वाढते. त्यामुळे सिनियर मुलांनी 'आपलं एनएसएस भारी आहे' म्हटलं तरी ते आताच्या सरांविषयी बोलताहेत की आधीच्या, एवढं विचारावं. चांगला अधिकारी ओळखायची खूण म्हणजे दत्तक गाव. तीन-चार वर्षं तेच गाव असेल आणि ग्रामसेवक सरांना नावाने ओळखत असेल तर काम होतं. दरवर्षी नवं गाव म्हणजे दरवर्षी नवा सरपंच, नवा हार, नवा फलक आणि पुन्हा तीच मंदिराची रंगरंगोटी.

शिबिराची मोडतोड कशी होते ते पाहण्यासारखं आहे. कागदावरचा कार्यक्रम सगळीकडे एकच: पहाटे उठणं, प्रार्थना, नाश्त्यानंतर तीन तास श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी सर्वेक्षण, रात्री मनोरंजन. पहिली चूक तारखेत असते. शिबिर सोयीसाठी सत्र परीक्षेनंतर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत ढकललं जातं. श्रमदानात मात्र वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यात भरलेल्या गोण्या रचून घातलेला तात्पुरता बांध, ठरलेला. वनराई बंधाऱ्याला ओढ्यात वाहतं पाणी हवं. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घातला तर दोन-तीन महिने पाणी अडतं. फेब्रुवारीत कोरड्या ओढ्यावर घातलेला बंधारा फक्त फोटोसाठी. तारीख बदलता येत नसेल तर काम बदलावं: रोपवाटिकेच्या पिशव्या भरणं, शाळेच्या शौचालयाचा शोषखड्डा, विहिरींच्या पाण्याच्या नमुन्यांची तपासणी.

बंधारा घालायचाच असेल तर तो नीट घालावा. जागा अशी निवडावी की पात्र अरुंद आणि दोन्ही काठ उंच असतील. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या काठोकाठ भरू नयेत, पाऊण भरून तोंड शिवावं. गच्च भरलेली गोणी गोल होते, बसत नाही, आणि दोन गोण्यांमधून पाणी निघून जातं. विटांसारखे, सांध्यावर सांधा येऊ न देता थर रचावेत. गोण्यांच्या दोन भिंती उभ्या करून मधल्या पोकळीत चिकण माती तुडवून भरावी, कारण पाणी खरं तर ती माती अडवते. उन्हाने गोण्या एका हंगामात विरतात, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा घालायची तयारी असेल तरच हे काम हाती घ्यावं.

दुसरी चूक राहण्याच्या सोयीत. मुली शिबिराला येत नाहीत याचं कारण 'घरचे सोडत नाहीत' असं सांगितलं जातं. घरच्यांनी काय विचारलं होतं ते कोणी सांगत नाही: शौचालयं किती, पाणी नळाला की बादलीने, रात्री सोबत मॅडम आहेत का, खोलीला आतून कडी आहे का. आठवडाभर आधी दोन विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका यांनी शाळा पाहून यावं आणि ही उत्तरं पालकांच्या संमतीपत्राबरोबरच पाठवावीत. पंचवीस मुलींना दोन शौचालयं असतील तर वेळापत्रक पहाटेच कोलमडतं आणि श्रमदान तासाभराने उशिरा सुरू होतं. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून रोज घरी जाऊन सकाळी परत यायची मुभा देतात. त्यात अर्धं शिबिर वाया जातं. गावाशी खरी ओळख रात्री ओसरीवर होते, बौद्धिकात नाही.

आता यात क्रेडिटची (श्रेयांकांची) भर पडली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एनएसएस, एनसीसी, क्रीडा, कला हे सहअभ्यासक्रम म्हणून दोन-दोन क्रेडिटला येतात. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोनाला ६०. परिणाम दुहेरी झाला. रजिस्टर भरली, कारण नाव घालणं आता गरजेचं झालं. आणि रजिस्टर खोटी होऊ लागली, कारण शंभर मुलांचे साठ तास खरोखर मोजणं एका शिक्षकाला झेपत नाही. आपल्या तासांची आपली वही ठेवावी: तारीख, काम, वेळ, सही. शेवटी रजिस्टर आणि वही जुळली नाही तर वहीच उपयोगी पडते.

एनसीसीबद्दल थोडक्यात. शिस्त खरी, फायदा नेमका, लवचीकपणा शून्य. परेडला ७५ टक्के हजेरी हवी, आणि ती सकाळी लवकर असते, म्हणजे अप-डाऊनवाल्यांसाठी कठीण. 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के गुण असतील तर सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून अधिकारी भरतीची सीडीएस ही लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी या निवड मंडळाच्या मुलाखतीला अर्ज करता येतो. हे ज्यांना हवं आहे त्यांनी पहिल्याच वर्षी जावं. दुसऱ्या वर्षी जाग आली तर 'सी' पर्यंतचं गणित पदवीच्या तीन वर्षांत बसवणं अवघड जातं. ज्यांना हे नको त्यांनी केवळ गणवेशासाठी जाऊ नये.

युवक महोत्सव हा छोट्या गावच्या मुलांसाठी खरा मोका. शहरातल्या मोठ्या कॉलेजात एकांकिकेच्या निवड चाचणीला शंभर मुलं येतात, पहिल्या वर्षीचा मुलगा पडदा ओढतो. इथे सहा जणांचं प्रहसन बसवायला सात मुलं मिळणं मुश्कील. पहिल्याच वर्षी रंगमंचावर उभं राहता येतं, हीच या जागेची जमेची बाजू. पुढचा रस्ता असा: महाविद्यालय, जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठाची मध्यवर्ती फेरी. तिथून एकीकडे राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य', दुसरीकडे भारतीय विद्यापीठ संघाचा पश्चिम विभाग आणि राष्ट्रीय महोत्सव. वयाची अट २५ वर्षांच्या आतली, १ जुलैला मोजलेली. बी.एड. किंवा दुसऱ्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलांनी जन्मतारीख आधी पाहावी, मग संहिता.

नियम पाठ असावेत, कारण बाद होणारे बहुतेक संघ कलेत नाही, नियमांत बाद होतात. प्रहसन: सहा कलाकार, १० मिनिटं. मूकनाट्य: सहा जण, ५ मिनिटं. एकांकिका: ३० मिनिटं, मंचावर नऊ जण. लोकनृत्य: दहा नर्तक, १० मिनिटं. समूहगान: सहा गायक, १० मिनिटं आणि चित्रपटगीत नाही. रांगोळी, स्थळचित्र, कोलाज यांना अडीच तास. रांगोळीत माध्यम एकच चालतं. रंगाच्या रांगोळीला फुलांच्या पाकळ्यांची किनार दिली की संपलं.

प्रहसनाची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे तालमीत बरोबर दहा मिनिटं बसवणं. तालमीत कोणी हसत नाही. प्रयोगात प्रेक्षक हसले की प्रत्येक हशाला तीन-चार सेकंद जातात, आणि चांगलं प्रहसन असेल तर ते अकराव्या मिनिटावर जातं. संहिता साडेआठ मिनिटांची ठेवावी. दुसरी चूक जागेची. वर्गातले बाक मागे सारून केलेल्या तालमीत कलाकारांना तीन पावलांत मंच ओलांडायची सवय लागते. खऱ्या मंचावर तीच तीन पावलं मध्यावर संपतात आणि पुढचं वाक्य चुकीच्या जागी येतं. मैदानावर फक्कीने ३० बाय २० फुटांचा चौकोन आखून शेवटच्या चार-पाच तालमी तिथे कराव्यात. वाऱ्यात आवाज पोहोचला तर सभागृहातही पोहोचेल.

समूहगानाचं दुखणं वेगळं: मुलामुलींचा मिश्र संघ आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर. मुली सहसा पेटीच्या काळी चार-पाचला मोकळ्या गातात, मुलं काळी एक-दोनला. मधली कुठली तरी पट्टी घेतली की मुली खर्जात पुटपुटतात आणि मुलं तारसप्तकात ओरडतात. त्यापेक्षा गाणं वाटून घ्यावं: ध्रुवपद सगळ्यांनी, अंतरे पट्टीच्या सोयीने. आणि तबला! गावातल्या भजनी मंडळाकडून आणलेला तबला बहुधा पुरुषांच्या पट्टीचा असतो. काळी एकचा तबला काळी चारला चढत नाही. हातोडीने ठोकत बसलं तर पुडी (वरचं चामडं) फाटते. पट्टी ठरली की त्याच दिवशी तबला ठरवावा. साथीदार कॉलेजबाहेरचा चालतो का, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहावं, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये.

वक्तृत्व आणि वादविवाद करणाऱ्यांना एक सूचना. जिल्ह्यात मराठीत गाजवता येतं, पण भारतीय विद्यापीठ संघाच्या पातळीवर भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मध्यवर्ती फेरी जिंकून तिथे गप्प बसावं लागलेले उत्तम वक्ते कमी नाहीत. सप्टेंबरपासून आठवड्यातला एक सराव हिंदीत ठेवला तर हा प्रश्न येत नाही. एकांकिका मात्र मराठीत चालते, सोबत हिंदी किंवा इंग्रजीत कथासार द्यावं लागतं. ते आदल्या रात्री लिहू नये.

पैशांचं: प्रवासभाडं आणि भत्ता मिळतो, पण बिलं दाखवल्यावर. भाड्याने आणलेल्या कपड्यांचं साध्या कागदावरचं बिल लेखा विभाग परत पाठवतो. दुकानाचं छापील बिल, तारीख, कॉलेजचं नाव, एवढं पहिल्यांदाच घ्यावं आणि निघण्यापूर्वी अग्रिम रकमेचा अर्ज द्यावा.

स्नेहसंमेलन, ज्याला सगळे गॅदरिंग म्हणतात, त्याला या परीक्षणात सर्वांत कमी गुण. सांस्कृतिक शुल्काचा मोठा वाटा यावर जातो आणि हाती येतं ते ट्रॅडिशनल डेचे फोटो. मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचं मानधन यांत बजेट संपतं. पाहुणे दोन तास उशिरा येतात, दोन तास बोलतात आणि महिनाभर तालीम केलेली नृत्यं चार वाजता सुरू होतात, तेव्हा एसटीवाली मुलं स्टँडकडे निघालेली असतात. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवणं २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंधनकारक आहे, त्यामुळे 'रात्री उशिरापर्यंत चालवू' हाही उपाय नाही. साधी दुरुस्ती: बक्षीस समारंभ आणि भाषणं एका दिवशी, सादरीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. फिशपाँड ठेवायचे असतील तर चिठ्ठ्या आधी दोन शिक्षक आणि दोन विद्यार्थिनींनी वाचाव्यात. निनावी चिठ्ठीतला विनोद ठरावीक चार मुलींवरच येत राहतो, आणि मग तो विनोद राहत नाही, अंतर्गत तक्रार समितीचं प्रकरण होतं.

वार्षिक अंक बहुधा पुढच्या वर्षी हाती येतो. लेख द्यायचा असेल तर युनिकोडमध्ये द्यावा आणि प्रूफ स्वतः मागून वाचावं. छापखान्यात मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवताना रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. छापून आल्यावर आपलंच नाव चुकलेलं दिसणं फार नेहमीचं आहे.

विद्यार्थी परिषदेकडून फार अपेक्षा ठेवू नये, पण ती कशी बनते ते माहीत असावं. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट मतदान थांबलं आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका परत आणल्या. २०१९ मध्ये त्या होणार म्हणून तयारीही झाली आणि मग पुढे ढकलल्या गेल्या. उमेदवारीचे नियम लिंगडोह समितीचे: एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टर नाही, ७५ टक्के हजेरी. नेमलेल्या जीएसच्या, म्हणजे परिषदेच्या सचिवाच्या, हातात प्रत्यक्षात एकच अधिकार उरतो, बैठकीत प्रश्न विचारायचा. जिमखाना शुल्क किती जमा झालं आणि कशावर खर्च झालं, हा प्रश्न लेखी विचारला तर उत्तर द्यावं लागतं. तोंडी विचारला तर चहा मिळतो.

'आविष्कार' या संशोधन स्पर्धेकडे कला-वाणिज्यची मुलं फिरकत नाहीत, ही चूक आहे. सहा गटांत मानव्यविद्या, भाषा, ललित कला हा एक पूर्ण गट आहे, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी हा दुसरा, आणि पदवी पातळीवर स्पर्धक तुलनेने कमी असतात. छोट्या गावच्या मुलांकडे विषय दाराशी असतात: आठवडी बाजारातला उधारीचा व्यवहार, बोअरचं पाणी, बोलीतले शेतीचे शब्द, ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांची शाळा. ते सोडून इंटरनेटवरून 'कृत्रिम बुद्धिमत्तेचे परिणाम' उचलले जातात आणि परीक्षकांच्या पहिल्या प्रश्नालाच गाडी थांबते. नमुना किती घेतला, का तेवढाच घेतला आणि कसा निवडला, या तीन प्रश्नांची उत्तरं पाठ नव्हे, समजलेली असावीत. 'वेळ कमी होता' हे उत्तर चालत नाही.

कमवा व शिका ही योजना उपक्रमांत मोजत नाहीत, पण ओळखी सर्वांत जास्त तिथेच होतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत रुजलेली ही पद्धत आज बहुतेक विद्यापीठांत आहे. ग्रंथालयातलं काम मागावं. तिथे तास ठरलेले आणि मोकळ्या वेळात वाचता येतं. बागेतलं काम उन्हाळ्यात जीव काढतं. मानधन उशिरा येतं हे गृहीत धरून महिन्याचं मेसचं गणित त्यावर बसवू नये.

आणि अभ्यासिका. कोणत्याही पावतीवर ती 'सामाजिक जीवन' म्हणून लिहिलेली नसते, पण तालुक्याच्या गावात मुलं खरी भेटतात ती एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या अभ्यासिकेत आणि तिच्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर. विद्यापीठाची अभ्यासिका खासगीपेक्षा स्वस्त, उजेड चांगला, पण जागा दप्तरांनी अडवलेल्या. जिथे तासाभराच्या गैरहजेरीनंतर दप्तर उचलून बाजूला ठेवायचा नियम आहे आणि तो पाळला जातो, तिथे निम्म्या भांडणांचं कारणच संपतं. मुलींसाठी वेगळा वेळ ठेवण्यापेक्षा वसतिगृहाचं गेट आणि अभ्यासिकेची वेळ जुळवणं जास्त उपयोगी. अभ्यासिका रात्री दहापर्यंत आणि मुलींचं गेट सातला, हे वेळापत्रक कागदावर समान आणि प्रत्यक्षात एकतर्फी आहे. तालीम किंवा स्पर्धेसाठी उशीर होणार असेल तर रेक्टरांकडे समन्वयकाच्या सहीचं पत्र आदल्या दिवशी द्यावं. त्याच संध्याकाळी फोनवर मागितलेला लेट पास मिळत नाही. रॅगिंगची तक्रार मात्र कोणाच्या परवानगीची वाट न पाहता १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते.

कागदपत्रांचं काम मार्चपर्यंत उरकावं. प्रमाणपत्रावर जावक क्रमांक, तारीख, पूर्ण नाव आणि शैक्षणिक वर्ष आहे का ते देणाऱ्यासमोरच पाहावं. युवक महोत्सवात 'सहभाग' आणि 'प्राविण्य' अशी दोन वेगळी प्रमाणपत्रं असतात. विद्यापीठ पातळीचं प्राविण्य प्रमाणपत्र संघनायकाकडे एकत्र दिलं जातं आणि बरेचदा कॉलेजच्या कपाटातच राहतं. वाढीव गुण मिळत असतील तर त्यांचा अर्ज परीक्षा विभागाकडे निकालापूर्वी जायला हवा, नंतर गेलेला अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहतो. आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांची मुदत मे महिन्यात संपत असेल, तर त्यांची सही एप्रिलमध्येच घ्यावी.